पांढऱ्या गाडीवरील बारीक डाग : ओळख, उपाय आणि काळजी

स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही बराच विचार केला. शिक्षण, आरोग्य, बचत या विषयांवर अधिकारी मंडळी दरवर्षी लिहीतच असतात आणि ते लिहिलेही पाहिजे. आम्ही मात्र ज्या कामात आयुष्यभर हात रंगविले, त्याच रंगकामातील एक लहानसा धडा सभासदांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावयाचे ठरविले. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या मोटारगाडीवर जे बारीक बारीक डाग पडतात, ते का पडतात, कसे काढावेत आणि पुन्हा पडू नयेत म्हणून काय करावे, एवढाच हा विषय आहे.

विषय वाचून काहींना हसू येईल. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी आज गाडी आहे, आणि त्यांतल्या कित्येकांची गाडी ही हौस नसून रोजीरोटी आहे. कर्ज काढून, दागिने मोडून, भाऊबंदांकडून हातउसने घेऊन घेतलेली गाडी कंपनीला किंवा कार्यालयाला भाड्याने लावायची, हा आपल्या तरुणांचा एक नेहमीचा मार्ग झाला आहे. अशा गाडीचा रंग हा भांडवलाचाच एक भाग असतो. तो कसा वाया जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

२०१७ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या एका सभासदाच्या मुलाने जुनी, पण सुस्थितीतील पांढरी गाडी घेतली आणि एका कार्यालयाकडे ती लावण्याचे ठरले. घर कल्याणला रेल्वेमार्गाच्या कडेला, त्यामुळे गाडी रात्रंदिवस रुळांपासून हाकेच्या अंतरावर उभी. दोन-तीन महिन्यांत गाडीच्या छतावर, बॉनेटवर आणि डिकीवर नारिंगी रंगाचे, मोहरीहूनही लहान ठिपके दिसू लागले. कार्यालयातील माणूस गाडी पाहून म्हणाला, "ही तर गंजलेली गाडी आहे." एका गॅरेजवाल्याने सांगितले की पत्रा आतून सडत चालला आहे, पूर्ण गाडी रंगवावी लागेल. मुलगा घाबरला. त्याने रात्री भांडी घासायची काथ्याची घासणी आणि पावडर घेतली आणि सबंध बॉनेट घासून काढले. ठिपके बरेचसे गेले, पण त्यांच्याबरोबर रंगाची चकाकीही गेली. सकाळी उन्हात पाहिले तर बॉनेट खडूने सारवल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. आम्ही भिंग लावून छत पाहिले आणि त्याला सांगितले की गाडी गंजलेली नाही, गाडीवर गंज येऊन बसला आहे. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला, त्याला या लेखाचा अर्धा भाग कळला असे समजावे.

रंगाची रचना

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा रासायनिक थर देतात. नंतर विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवितात, त्यावर सरफेसरचा थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. या शेवटच्या थराला आमच्या धंद्यात क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर तर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपासच असतो, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी या थराची असते आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही मुख्यतः हाच थर करतो. घासणीने आपण जे खरवडतो ते हेच.

साध्या पांढऱ्या रंगाच्या पुष्कळ गाड्यांना, विशेषतः जुन्या गाड्यांना, हा पारदर्शक थर नसतो. तेथे रंग आणि चकाकी एकाच थरात असते. आपल्या गाडीचा रंग कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. गडद रंगाच्या मऊ फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एखाद्या कोपऱ्यात हलक्या हाताने चोळावे. फडक्यावर पांढरा रंग उतरला तर वर क्लिअर नाही असे समजावे. अशा गाडीला प्रत्येक वेळी रबिंग करताना आपण प्रत्यक्ष रंगच काढीत असतो.

पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइड या पदार्थामुळे पांढरा असतो. तो जवळजवळ सगळा प्रकाश परत फेकतो, म्हणूनच पांढरी गाडी उन्हात कमी तापते, तिच्यावर धूळ आणि ओरखडे कमी दिसतात. परंतु नारिंगी, काळा, पिवळा, तपकिरी असा कोणताही ठिपका तिच्यावर डोळ्यांत भरतो. काळ्या गाडीवरही हेच ठिपके पडतात, फक्त ते दिसत नाहीत. काळ्या गाडीचा मालक त्यामुळे सुखात असतो, पण त्याच्या रंगाचे नुकसान तेवढेच होत असते.

लोखंडाचे ठिपके

रेल्वेचे चाक, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे अतिशय बारीक कण उडतात. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही असे कण निघतात. म्हणून चाकांच्या मागच्या भागावर आणि डिकीवर ते अधिक सापडतात. तिसरे उगमस्थान आपल्या प्रत्येक इमारतीच्या आवारात असते, ते म्हणजे खिडक्यांच्या ग्रिलचे काम. वेल्डिंगवाला ग्राइंडर लावतो, ठिणग्यांचा पिसारा उडतो, मुले बघत उभी राहतात. त्या ठिणग्या म्हणजे तापून लाल झालेले लोखंडाचे कण असतात. ते शेजारी उभ्या असलेल्या गाडीवर पडले की रंगात चटका देऊन रुतून बसतात. आठ दिवसांनी पाऊस किंवा दव पडले की त्यांना गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो कण फुगतो आणि सभोवतालच्या पारदर्शक थराला बारीक भेगा पाडतो. फार दिवस दुर्लक्ष केले तर त्या भेगांतून पाणी खाली उतरते. म्हणून हा डाग केवळ शोभेचा प्रश्न नाही.

ओळखण्याची खूण अशी की भिंगातून पाहिले असता मध्ये काळसर टोक आणि भोवती नारिंगी वलय दिसते. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या रंगावरून अलगद फिरवावा. पॉलिश पेपरवरून हात फिरविल्यासारखे खरखरीत लागते. नुसत्या बोटाला जे जाणवत नाही, ते पिशवीमुळे जाणवते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

याच्या उलट आतून आलेला गंज असतो. तेथे रंग फुगतो, पापुद्र्यासारखा उचलला जातो, मध्यभागी खडा लागल्याची खपली असते, आणि तो दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला, पावसाळी पाणी साचते त्या ठिकाणी सापडतो. आतून आलेला गंज कधी छतभर सारख्या अंतराने शिंपडल्यासारखा येत नाही. शिंपडल्यासारखे ठिपके दिसले की तो वरून पडलेला पदार्थ आहे, असे जवळजवळ खात्रीने समजावे. ज्या गॅरेजवाल्याने पूर्ण गाडी रंगवायला सांगितले, त्याने एवढे पाहिले नाही, किंवा पाहूनही सांगितले नाही.

हे ठिपके काढण्यासाठी आता बाजारात लोखंड विरघळविणारे खास द्रावण मिळते. त्यात थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो. केस कुरळे करण्याच्या आणि नको असलेले केस काढण्याच्या औषधांतही याच कुळातील पदार्थ वापरतात, म्हणूनच त्याला तसा उग्र, कुजकट वास येतो. गाडी सावलीत उभी करून, पत्रा गार झाल्यावर, आधी शॅम्पूच्या पाण्याने स्वच्छ धुवावी. नंतर हातमोजे घालून द्रावण फवारावे. लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळे होते आणि पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ वाहू लागतात. प्रथम पाहणारा दचकतो, परंतु तो रंग गाडीचा नसून विरघळलेल्या लोखंडाचा असतो. बाटलीवर दिलेल्या वेळेप्रमाणे, बहुधा तीन ते पाच मिनिटांनी, ते वाळण्याच्या आत भरपूर पाण्याने धुवावे. हट्टी ठिपक्यांसाठी पुन्हा एकदा करावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जेथे जांभळा रंग आला नाही तेथील डाग लोखंडाचा नव्हे. म्हणजे हे औषध परीक्षाही घेते आणि उपचारही करते.

त्यानंतर जे उरते त्यासाठी क्ले नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते. जपानमध्ये निघालेली ही वस्तू आता आपल्याकडेही सर्रास मिळते. पत्र्यावर शॅम्पूचे पाणी सढळ हाताने मारून, वडी चपटी करून, अजिबात दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवायची. सुरुवातीला ती अडखळते आणि आवाज करते; साफ झाले की बर्फावरून घसरल्यासारखी फिरते. मळलेली बाजू आत दुमडून नवी बाजू वर आणीत राहावे. वडी जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यावी, धुऊन वापरू नये, कारण मातीचे कण तिच्यात रुततात आणि तीच पॉलिश पेपर बनते. आमच्या हाताखालच्या एका पोराने पडलेली वडी उचलून वापरली होती, आणि त्या दारावर पुढे दोन तास पॉलिश करीत बसावे लागले. वडी टाकून देताना जीवावर येते हे खरे.

क्ले आधी आणि द्रावण नंतर असा उलटा क्रम करू नये. लोखंडाचे टोकदार कण रंगावरून ओढत नेले तर ओरखडे पडणारच.

पूर्वी रंगकामाच्या खात्यात यासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी वापरीत. ते काम करते, पण ते विष आहे. लहान मुले असलेल्या घरात ते नको. संडास साफ करण्याचे ॲसिड तर कधीच लावू नये. एका धुलाई केंद्रावर ते पाण्यात मिसळून लावताना आम्ही पाहिले. ठिपके एका क्षणात गेले, मालक खूश झाला. परंतु क्रोमच्या पट्ट्या काळवंडल्या आणि दारांच्या बिजागऱ्यांना पुढच्या महिन्यात खराखुरा गंज धरला. लिंबाच्या रसाने एखादा ताजा ठिपका फिका होतो, कारण त्यातील आम्ल लोखंडाला धरते. पण रस उन्हात वाळू दिला तर तोच डाग पाडतो. टूथपेस्टचाही पुष्कळ बोलबाला आहे. तिच्यात घासणारी बारीक पूड असते, त्यामुळे डाग जातो आणि ओरखडे राहतात. टूथपेस्ट दातांसाठी ठेवावी, असे आमचे मत आहे.

डांबर, विष्ठा, चीक आणि पाणी

डांबराचे ठिपके दाराच्या खालच्या भागावर, चाकाच्या मागे असतात. काळे किंवा तपकिरी, नखाला किंचित मऊ. उन्हाळ्यात नव्या रस्त्यावरून जाऊन आल्यावर ते हमखास दिसतात. डांबर पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून घरात असलेले खोबरेल तेल बोटाने लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मऊ फडक्याने टिपून घ्यावे. टिपावे, रगडू नये. डांबरात वाळू असते. रॉकेलनेही डांबर निघते, परंतु त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून लगेच शॅम्पूने धुवावे लागते. पेट्रोल वापरू नये, आगीचा धोका असतो. थिनरबद्दल तर विशेष सावध राहावे. जुन्या गाड्या गॅरेजमध्ये एन.सी. रंगाने रंगविलेल्या असतात. तो रंग थिनरमध्येच बनलेला असतो आणि वाळल्यावरही थिनर लागताच पुन्हा विरघळतो. डाग पुसायला जावे आणि फडक्यावर सबंध रंग यावा, असे प्रकार घडलेले आहेत. आपली गाडी पूर्वी कोठे रंगविली आहे हे माहीत नसेल, तर कोणतेही औषध आधी दाराच्या आतल्या चौकटीवर लावून पाहावे.

पक्ष्यांची विष्ठा हा सर्वांत घाईचा डाग आहे. तिचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून एक-दोन पावसांनी ते जाईल या भरवशावर राहू नये. दुपारच्या उन्हात तापलेला पारदर्शक थर मऊ आणि किंचित प्रसरण पावलेला असतो. रात्री तो आकसतो आणि वर वाळून घट्ट झालेल्या विष्ठेचा साचा त्याच्यावर उमटतो. पुसल्यावरही नकाशासारखी खूण राहते ती त्यामुळे. उपाय अगदी साधा आहे. ओले फडके किंवा कागदी रुमाल त्यावर दहा मिनिटे ठेवावा आणि मग अलगद उचलून घ्यावे. वाळलेली विष्ठा नखाने खरडू नये, तिच्यात बिया आणि खडे असतात. वटवाघळांच्या बाबतीत हे जास्त खरे आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर ती रात्री येतात आणि बारीक बियांचा सडा गाडीवर करून जातात. विहाराच्या आवारातील पिंपळाखाली सावली चांगली असते म्हणून सगळे तेथेच गाड्या लावतात आणि सकाळी कपाळाला हात लावतात. पिंपळाला दोष देण्यात अर्थ नाही, गाडी चार हात दूर लावावी.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पांढऱ्या गाडीवर पिवळे, लांबट, तांदळाच्या कणीएवढे ठिपके पडतात. लोक त्यांना झाडाचा चीक समजतात, पण बहुतेक वेळा ती मधमाश्यांची विष्ठा असते. उंच इमारतीला आग्या मोहोळ लागले असेल तर त्याच्या आसपासच्या सर्व गाड्यांवर असे शिंतोडे दिसतात. यासंबंधीची एक हकीकत विद्यार्थ्यांना आवडेल. १९८१ साली अमेरिकेने जाहीर आरोप केला की लाओस आणि कंबोडियामध्ये आकाशातून पिवळे विष फवारले जात आहे आणि त्यामागे सोव्हिएत रशिया आहे. जगभर खळबळ उडाली. हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पिवळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यांत फुलांचे परागकण भरलेले आढळले. त्या जंगलांतील मोठ्या मधमाश्या थव्याने उडून एकाच वेळी विष्ठा टाकतात आणि पिवळा पाऊस पडल्यासारखे दिसते, असे त्यांनी दाखवून दिले. दोन महासत्तांमध्ये भांडण लावणारा डाग आपल्या बॉनेटवरही पडतो. तो ताजा असताना ओल्या फडक्याने निघतो. आठवडाभर उन्हात राहिला तर पिवळी छटा धरून बसते आणि पॉलिश करावे लागते.

झाडाचा चीक घट्ट, पारदर्शक आणि उंचावलेला असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन तो भिजवावा. जांभळाचा डाग त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने जातो, आणि थोडी छटा राहिलीच तर ती पुढे उन्हाने आपोआप फिकी होत जाते. तेथे घासाघाशी करण्यात काही अर्थ नाही. पानाच्या पिचकारीबद्दल न लिहिलेले बरे. तरी भाड्याच्या गाडीवाल्यांसाठी एवढे सांगतो की चालत्या गाडीतून पुढच्या खिडकीतला प्रवासी थुंकला की ते सगळे मागच्या दारावर येते. कात आणि चुना यांचा तो डाग ओला असतानाच बाटलीतील पाण्याने धुवून टाकावा.

बोअरिंगच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना पांढरट वर्तुळे दिसतात. पाणी उडून जाते आणि त्यातील चुन्याचे क्षार मागे राहतात. पाण्यात लोह असेल तर वर्तुळाला पिवळी कड येते. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन फडक्याने लावावे, दोन मिनिटांत धुवून टाकावे आणि लगेच कोरडे करावे. शेवटचे पाणी फिरविण्यासाठी एअर कंडिशनरच्या नळीतून गळणारे पाणी बादलीत धरून गाळून वापरल्यास उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. फुकटचे पाणी रोज गटारात जाते.

मिरवणुकीनंतरची गाडी

जयंतीच्या मिरवणुकीसाठी आणि लग्नकार्यासाठी सभासद आपली पांढरी गाडी हौसेने देतात. देणाऱ्याच्या गाडीचे हाल होऊ नयेत ही जबाबदारी आपली सर्वांची आहे, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो.

निळा गुलाल ही कोरडी पूड असते. कोरडी असेपर्यंत तिच्यापासून रंगाला फारसा धोका नसतो. चूक होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा कोणीतरी उत्साहाने पाण्याची बादली ओततो. पाणी लागताच पुडीचा रंग सुटतो आणि दारांच्या रबरात, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत, पुन्हा रंगविलेल्या भागात आणि प्रत्येक ओरखड्यात शिरतो. पांढऱ्या गाडीवर मग वर्षभर निळसर झाक राहते. म्हणून आधी ब्लोअरने किंवा अगदी मऊ, लांब केसांच्या ब्रशने फटींतून सगळी पूड कोरडीच उडवावी. त्यानंतर एकदम भरपूर पाणी सोडावे, थोडे थोडे शिंपडू नये. मग शॅम्पू. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी गाडीला वॅक्स लावलेले असेल तर हे काम निम्म्या वेळात होते.

हार आणि फुलांची जाळी त्याच रात्री उतरवावी. ओला झेंडू दोन दिवस तापल्या पत्र्यावर राहिला तर पिवळा डाग पडतो. हारांना बांधलेल्या बारीक लोखंडी तारांचे तुकडे, टाचण्या आणि फलकांच्या पिना वायपरखालच्या खाचेत पडतात. त्या काढल्या नाहीत तर पहिल्या पावसात तेथून नारिंगी ओघळ सुरू होतात आणि मालक गाडी गंजली म्हणून घाबरतो. आम्ही एकदा एका गाडीच्या खाचेतून मूठभर टाचण्या काढल्या आहेत. चिकटपट्टी ओढून फाडू नये. केस वाळविण्याच्या यंत्राने किंवा उन्हाने कोमट करून, तिरकी धरून सावकाश सोडवावी, आणि राहिलेला गोंद खोबरेल तेलाने काढावा. छतावरून दोर बांधायचा असेल तर त्याखाली जाड कापड घालावे.

काळजी

डाग पडू नयेत यासाठी फार खर्च लागत नाही. आठवड्यातून एकदा, सावलीत, गाडीच्या शॅम्पूने धुवावे. कपड्यांची पावडर वापरल्यास वॅक्सचा थर निघून जातो. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत शॅम्पू आणि दुसरीत फडके खंगाळण्याचे साधे पाणी. छतापासून सुरुवात करून खाली यावे, चाके शेवटी आणि त्यांचे फडके वेगळे. सकाळी सकाळी कोरड्या धुळीवरून फडके मारण्याची जी पद्धत आहे तिने सर्वाधिक गाड्यांचे नुकसान होते. उन्हात पाहिले असता दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या या रोजच्या पुसण्याच्या असतात. तीच धूळ पावसाळ्यात ओल्या कव्हरखाली अडकते आणि वाऱ्याने कव्हर हलले की घासत राहते. कव्हर घालायचे तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवर घालावे, नाहीतर गाडी उघडी बरी.

वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी लावावे, एकदा पावसाळ्याच्या आधी तर नक्कीच. वॅक्स डाग थांबवीत नाही, पण डाग आणि रंग यांच्यामध्ये उभे राहून आपल्याला एक-दोन दिवसांची सवड मिळवून देते. आवारात ग्रिलचे काम निघाले तर वेल्डिंगवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा गाडी हलवावी. हलविता येत नसेल तर जुनी गोधडी पाण्यात भिजवून वर टाकावी.

खडा लागून पत्र्यापर्यंत खपली गेली असेल तर मात्र वाट पाहू नये. तेथील गंज बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने काढून, प्रायमरचा ठिपका आणि तो वाळल्यावर टचअपचा ठिपका काडेपेटीच्या काडीने द्यावा. रंगाचा क्रमांक गाडीवर लावलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो, तो दाखवूनच रंग घ्यावा. पांढऱ्यातही कितीतरी पांढरे असतात. भगिनीवर्गाच्या पांढऱ्या नेलपॉलिशने काम भागविणारे आहेत. ते काही महिने ठीक दिसते, मग पिवळे पडते.

त्या मुलाच्या गाडीचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून छत, डिकी आणि दारे साफ केली. दीड बाटली द्रावण आणि एक वडी लागली. सकाळी नऊला सुरू केलेले काम दुपारच्या जेवणानंतर संपले. छतावर आजही कारखान्याचाच रंग आहे. बॉनेट मात्र वाचले नाही. पॉलिश करून पाहिले, पण वरचा थर कडेला पूर्ण निघाला होता, त्यामुळे ते नव्याने रंगवून घ्यावे लागले आणि त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता चुकला. गाडी कार्यालयाकडे लागली. ती आता रुळांच्या बाजूला नसते, इमारतीच्या दुसऱ्या अंगाला असते, आणि डिकीत एक प्लॅस्टिकची पिशवी, खोबरेल तेलाची बाटली आणि दोन मऊ फडकी कायम ठेवलेली असतात.